रात्री दहाला ब्रश धुवायचा

प्रश्न : मावशी, माझं वय 31. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात पतसंस्थेत काम करते. चार वर्षांपूर्वी बायपोलर असल्याचं कळलं, म्हणजे मन कधी फार चढतं, कधी फार उतरतं तो आजार. त्याआधी सलग नऊ रात्री जागून मी चित्रं काढत होते, कागद संपले तेव्हा भिंतीवर. आता त्यावर लिथियमची गोळी चालू आहे आणि दोन वर्षांत दवाखान्यात राहावं लागलेलं नाही. पण हात थरथरतो, रेघ सरळ येत नाही आणि पूर्वीसारखं आतून उसळून काही येत नाही. चार दिवस गोळी बंद करून बघावी, असं मनात येतं. आईने रंगांची पेटी कपाटात कुलूप लावून ठेवली आहे. मी ब्रश घेतला की ती घाबरते. मैत्रीण म्हणते, मोठे चित्रकार असेच असतात, व्हॅन गॉगच बघ. काय करू?

उत्तर : मावशी म्हणालीस, म्हणून तुला एकेरीच हाक मारते. मी डॉक्टर नाही. पोस्टातून निवृत्त झालेली बाई आहे, वाईला राहते, आणि 34 वर्षं हाच आजार माझ्या घरात आहे. जलरंग त्याच्याही आधीपासून.

आधी गोळीचं. चार दिवससुद्धा बंद करू नकोस. लिथियम एकाएकी सोडलं की आजार उलटण्याचा धोका फार वाढतो, जीव नकोसा होण्याचाही. मी 1998 साली सोडलं होतं. गणपतीचं मखर करायचं होतं, त्यासाठी हात स्थिर हवा होता. आषाढात गोळ्या बंद केल्या. मखर अर्धं झालं आणि गौरी आल्या त्या दिवशी मी दवाखान्यात होते.

थरथरीला गोळी सोडणं हा उपाय नाही, पण ती मुकाट्याने सोसायचीही गरज नाही. डॉक्टरांना स्पष्ट सांग, ‘मला चित्र काढायचंय आणि हात थरथरतो.’ हे वाक्य उच्चारायला मला सहा वर्षं लागली, कारण छंदासाठी डॉक्टरांचा वेळ कसा घ्यायचा, असं वाटायचं. ते रक्तातली लिथियमची पातळी बघतील. शेवटच्या गोळीनंतर साधारण 12 तासांनी रक्त द्यायचं असतं, म्हणून त्या सकाळची गोळी रक्त देऊन झाल्यावरच घ्यायची. पातळी वरच्या अंगाला असेल तर मात्रा कमी करता येते, गोळीचा प्रकार किंवा वेळ बदलता येते, थरथरीवर वेगळी गोळीही असते. चहा-कॉफीनेही थरथर वाढते. माझे पाच कप होते, त्याचे दोन केले, तेही डॉक्टरांना सांगून, कारण चहा एकदम तोडला तर लिथियमची पातळी वर जाऊ शकते.

एक गोष्ट मात्र घरात सगळ्यांना ठाऊक हवी. मी रविवारी मेणवलीच्या घाटावर चित्र काढायला जाते. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेचं पात्र आणि वसईहून आणलेली ती पोर्तुगीज घंटा, एवढं बघायला मला आयुष्य पुरणार नाही. एका एप्रिलमध्ये तिथे अकरा ते दोन उन्हात बसले, बाटलीतलं पाणी संपलं तरी उठले नाही. घरी येऊन डोकं दुखलं म्हणून मेडिकलमधून आयब्युप्रोफेन आणून दोन दिवस घेतली. तिसऱ्या दिवशी चालताना झोक जायला लागला, जीभ जड झाली, उलट्या. लिथियम रक्तात साचलं होतं. घाम, कमी पाणी आणि त्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या, तिन्हींनी तेच होतं. म्हणून निर्जळी उपवास करू नकोस, मीठ एकदम तोडू नकोस, आणि अशी लक्षणं दिसली तर त्याच दिवशी दवाखाना. पुढची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही.

हातासाठी एक साधी युक्ती सांगते. दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर डाव्या हातात काठी धरतात आणि तिच्यावर उजवं मनगट टेकवतात. मी लाटण्यावर टेकवते. आणि कागद आधी ओला करून त्यात रंग सोडायला शीक. आभाळाला, डोंगराला, पाण्याला सरळ रेघ लागतच नाही.

आता उसळण्याचं. हे तू लिहिलंस तिथे मी बराच वेळ थांबले.

त्या 1998 सालच्या माझ्या चाळीसेक कागदांपैकी सहा माझ्याकडे आहेत. चारांमध्ये रंगांचा चिखल झालाय, कारण मला पहिला हात वाळेपर्यंत थांबवत नव्हतं. जलरंगात वाळू देणं हे निम्मं काम, आणि मन चढलेलं असताना नेमकं तेच जमत नाही. उरलेली दोन खरंच सुंदर आहेत. तसा निळा मला पुन्हा लागला नाही आणि त्याचं वाईट वाटतं, हे तुझ्यापासून लपवणार नाही. पण त्याच वर्षी माझा धाकटा मुलगा आठ महिने माझ्या बहिणीकडे राहिला. ती दोन चित्रं बघताना मला तोही दिसतो.

व्हॅन गॉगला नेमकं काय झालं होतं, यावर आजही एकमत नाही. पण मैत्रिणीला एवढं सांग : 1889 च्या जुलैत फ्रान्समधल्या सॅं-रेमीच्या मनोरुग्णालयात त्याला आजाराचा झटका आला, तेव्हा कित्येक आठवडे तो चित्र काढू शकला नाही. झटक्यांच्या मधल्या काळात, डोकं ताळ्यावर असताना, तो कामाला बसला.

तुझ्यासाठी खरी सीमारेषा झोपेची आहे. माझ्या घरी रात्री दहाला ब्रश धुतला जातो, चित्र कुठेही असो. दहाला थांबवत नसेल, किंवा लागोपाठ दोन रात्री चार तास झोपूनही ताजंतवानं वाटत असेल, तर सकाळी डॉक्टरांना फोन. प्रत्येक चित्राच्या मागे मी तारीख, बसल्याची-उठल्याची वेळ आणि आदल्या रात्रीची झोप लिहिते. माझे डॉक्टर चित्रं उलटी करूनच बघतात, आणि मला ते आवडतं.

रंगांचा खर्चही बांधून घे. मी एकदा लक्ष्मी रोडला एका दुपारी 14,000 रुपयांचे रंग घेतले होते. आता महिन्याला 500, आणि बहिणीला सांगून. मन उतरलेलं असताना एकही चित्र फाडायचं नाही. मी बंबात घातलेली चित्रं अजून आठवतात. तीन महिने कपाटामागे ठेवायचं, मग काय ते ठरवायचं. त्या दिवसांत पाण्याचा पेला, नळ, दाराची कडी, काहीही पाच मिनिटं काढ. इच्छा होईल मग बसू, असं म्हणत राहिलीस तर महिने जातात. आणि नाहीच जमलं तर तो आजार आहे, तुझा आळस नव्हे.

आईशी किल्लीवरून भांडू नकोस. त्या नऊ रात्री तीही जागीच होती. किल्ली तिच्याकडेच राहू दे, सात वाजता मागून घे, दहाला तिच्या हातात परत दे. काही आठवड्यांनी ती स्वतःच कपाट उघडं ठेवील, असा माझा अंदाज आहे. तिला कुणाशी बोलावंसं वाटलं, किंवा तुला रात्री फार जड गेलं, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

पहिलं चित्र आईलाच विचारून काढ, तिच्या स्वयंपाकघरातली कुठली वस्तू काढू म्हणून. माझ्या आईने खलबत्ता सांगितला होता.