काळ्या मातीच्या पांदणीसाठी जुन्या थारला मोठे टायर लावावेत का?

आपला प्रश्न असा आहे की, २०१६ च्या महिंद्रा थारचे मूळ २३५/७० आर १६ टायर (रुंदी मि.मी.मध्ये, तिच्या किती टक्के उंची आणि रिमचे इंच) काढून २४५/७५ आर १६ मापाचे मड टेरेन, म्हणजे चिखलासाठीचे खोल नक्षीचे, टायर लावले, तर भर पावसाळ्यात शेतापर्यंत गाडी नेता येईल का आणि त्यासाठी गाडीत काय काय बदलावे लागेल. टायर बसतील, पण गाडी शेतापर्यंत जाणार नाही. हेच माप, याच गाडीला, याच कारणासाठी मी २०१७ साली लावले होते. त्यावरून आमच्या घरात जो वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही, त्यामुळे हे उत्तर थोडे लांबणार आहे.

आमचे शेत यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यात आहे. डांबरी रस्ता सोडला की पावणेदोन किलोमीटरची पांदण, म्हणजे शेतांमधून जाणारी कच्ची वाट, लागते. उन्हाळ्यात तिला एवढ्या भेगा पडतात की मनगटापर्यंत हात आत जावा, आणि मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की तीच जमीन पाणी पिऊन फुगते व चपलेच्या तळाला भाकरीएवढा थर धरून बसते. विदर्भातील शेतकऱ्याला हे सांगण्याची गरज नाही. ती माझ्या साळ्याला होती. तो नागपूरला राहतो, सुटीच्या दिवशी मित्रांबरोबर खडकाळ टेकड्यांवर गाड्या चढवतो आणि त्या अनुभवावर त्याचा फार विश्वास आहे. "भाऊजी, हे टायर लावा, मंग पांदन काय अन् नाला काय," असे तो म्हणाला आणि स्टेपनी धरून पाच टायरांचे जवळपास पन्नास हजार रुपये मी मोजले.

गाडी चार बोटे उंच होईल, असे त्याने सांगितले होते. हिशेब मी नंतर केला, तो आधी करायला हवा होता. मूळ टायरचा व्यास सुमारे ७३५ मि.मी. भरतो आणि नव्याचा ७७४. फरक ३९ मि.मी.चा दिसतो खरा, पण गाडी उचलली जाते ती त्याच्या निम्म्यानेच, म्हणजे दोन सेंटीमीटरही पूर्ण नाही. बदल्यात चाक प्रत्येक फेऱ्यात १२ सें.मी. जास्त अंतर कापते आणि त्याच प्रमाणात त्याची ओढण्याची ताकद सुमारे पाच टक्क्यांनी घटते. शिवाय रिमसकट दोन्ही चाके मी घरच्या सोयाबीनच्या काट्यावर ठेवून पाहिली, तेव्हा नवे साडेपाच किलोने जड भरले. चढावर पूर्वी तिसऱ्या गिअरमध्ये निघणारी गाडी आता दुसरा मागू लागली.

त्या वर्षी पोळ्याच्या चार दिवस आधी पऱ्हाटीचे निंदण आटोपून पाच मजूर बाया मागे बसल्या होत्या आणि दुपारभर पाऊस पडून गेला होता. फोर बाय फोर लो मध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या सर्वांत हळू गिअरमध्ये, टाकून मी निघालो. पहिले अर्धा किलोमीटर गाडी अशी काही गेली की साळ्याला फोन करून आभार मानावेत असे वाटले. मग स्टीअरिंग जड झाले, मागून काहीतरी घासल्यासारखा आवाज येऊ लागला, मी अॅक्सिलरेटर वाढवत गेलो आणि क्लचप्लेट जळाल्याचा वास आला तेव्हा थांबलो.

उतरून पाहिले तर टायरची नक्षी दिसतच नव्हती. चाकाभोवती काळ्या मातीचा गुळगुळीत लपेटा बसला होता आणि त्यात गवताच्या काड्या, बाभळीचे काटे आणि कुणाच्या तरी चपलेचा तुटलेला पट्टा घट्ट रुतला होता. टायर आणि मडगार्ड यांच्यामधील जागा पूर्ण बुजली होती. पुढचे डावे चाक फिरत नव्हते. ते वखरासारखे ओढले जात होते आणि मागे त्याचा सपाट चर उमटला होता. चिखलात फसू नये म्हणून लावलेल्या टायरांनी चिखल गोळा करून स्वतःलाच जखडून घेतले होते. जुने टायर असताना चाकाच्या वर माझा पंजा आडवा जात असे, नव्या टायरांवर जेमतेम बोटे जात होती, आणि ही जागा मातीला गळून पडण्यासाठी लागते हे माझ्या डोक्यातच आले नव्हते.

बायांनी खुरपी काढली. पाऊण तास आम्ही चारही चाके खरवडली आणि गाडी चाळीस फूट पुढे जाऊन पुन्हा तशीच थांबली. दुसऱ्यांदा खरवडताना त्यांच्यातली सर्वांत वयस्क बाई म्हणाली, "मास्तर, आपली बंडी बरी होती, तिले मडगार्डच नसते." बंडी म्हणजे बैलगाडी. तिचे हे वाक्य मी आजवर अनेकांना ऐकवले आहे, कारण टायरच्या दुकानात जे कोणी सांगितले नाही ते या एका वाक्यात आहे.

तेवढ्यात मागून शेजारच्या शेतातील काकांची जुनी एमएम ५४० जीप आली. तिला ६.०० - १६ चे टायर आहेत, म्हणजे उंचीला माझ्या मूळ टायरांएवढेच, पण रुंदीला जेमतेम सहा इंच. माझे नवे टायर जवळपास दहा इंच रुंद होते. अरुंद टायर वरचा लगदा कापून खालच्या घट्ट थरावर टेकतो, रुंद टायर त्या लगद्यावरच बसतो आणि तो अंगावर ओढून घेतो. जीपला चिखल लागत नव्हता असे नाही, परंतु तिच्या मडगार्डखाली वासरू बसेल एवढी जागा आहे आणि माती ढेकळांनी खाली पडत होती. काकांनी बाजूच्या धुऱ्यावरून जीप पुढे काढली, पाचही बाया तिच्यात बसल्या आणि मी माझ्या गाडीपाशी उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरने ती ओढून काढली.

साळ्याचे म्हणणे आजही असे आहे की टायर उत्तम होते आणि चूक चालवणाऱ्याची होती. "तुमी हवाच कमी केली नाही, भाऊजी." हे खरे आहे, मी टायरमध्ये ३२ पीएसआय हवा ठेवून गाडी घातली होती. त्याचे समाधान व्हावे म्हणून पुढच्या पावसात मी हवा २० वर आणून एकट्याने, रिकामी गाडी त्याच पांदणीत नेली. ती आधीपेक्षा दीडशे मीटर पुढे गेली आणि तिथे तशीच जाम झाली. दीडशे मीटर हा त्याचा विजय मानायचा की माझा, यावर आमचे एकमत नाही. मड टेरेनच्या नक्षीच्या गुट्ट्यांमधील माती झटकली जाण्यासाठी चाक जोरात फिरावे लागते, असेही तो सांगतो. तेही खरे आहे, पण मडगार्डपर्यंत माती भरलेले चाक जोरात फिरणार कसे, याचे उत्तर त्याने दिलेले नाही.

आता आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाविषयी, म्हणजे गाडीत काय बदलावे लागेल याविषयी. स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर पुढचे टायर आतल्या बाजूला घासतात. त्यावर मेकॅनिक टॉर्शन बार (पुढच्या चाकांना स्प्रिंगचे काम करणारी सळई) कसून पुढचा भाग उचलून देतो. तो थोडासाच उचलू द्यावा, कारण पुढच्या एक्सलचा कोन वाढला की त्याच्या सांध्यांवरचे रबरी बूट फाटतात आणि अलाइनमेंट हातचे जाते. चाक थोडे बाहेर सरकवण्यासाठी त्याच्यामागे स्पेसर, म्हणजे जाड चकती, लावण्याचा सल्ला मिळेल, तो घेऊ नये. बेअरिंगवर ताण येतो. स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८४ ने धावत असेल आणि किलोमीटरही कमी मोजले जातील, तेव्हा ॲव्हरेज पडल्याची तक्रार करण्यापूर्वी एवढा फरक वजा करावा. उत्पादकाने ठरवलेल्या मापात फेरफार हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या कक्षेत येऊ शकतो आणि अपघात झाल्यास विमा कंपनी त्यावर बोट ठेवू शकते. मूळ व्यासाच्या तीन टक्क्यांच्या आत राहावे, असा टायरच्या धंद्यात सर्वसाधारण हिशेब आहे. आपले माप पाच टक्क्यांच्या पुढे जाते.

मोठे टायर सगळीकडेच निरुपयोगी आहेत, असे माझे म्हणणे नाही. मुरमाड किंवा खडकाळ जमिनीवर, नदीच्या रेतीत हवा कमी करून, रुंद टायर खरोखर कामाला येतो, आणि मागच्या डिफरन्शियलचा गोळा दगडांपासून वर उचलायला मोठ्या व्यासाच्या टायरशिवाय दुसरा सोपा मार्ग नाही. आपली जमीन तशी असेल तर माझे निम्मे उत्तर आपल्याला लागू नाही. परंतु प्रश्नात आपण काळी माती लिहिली आहे.

मी मूळ मापाचेच ऑल टेरेन, म्हणजे रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचे, टायर पुन्हा बसवले. त्याच हिवाळ्यात आम्ही तिघा शेतकऱ्यांनी मिळून पांदणीच्या सर्वांत वाईट तीनशे मीटरवर मुरूम टाकला आणि कडेने नाली खोदून पाणी काढून दिले. तेव्हापासून सोयाबीन सवंगणीच्या दिवसांत गाडी शेतापर्यंत जाते. सलग चार दिवस झड लागली तर आजही डांबरी रस्त्यावर ठेवून पायीच जावे लागते. तिघांनी मिळून केलेला हा खर्च माझ्या त्या पाच टायरांच्या किमतीपेक्षा कमी होता, हे मी साळ्याला दरवर्षी सांगतो.

एवढे वाचूनही मोठे टायर घ्यायचेच असतील तर पाचही एकाच मापाचे घ्यावेत. या गाडीत फोर बाय फोर टाकल्यावर पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना बांधले जातात. एक चाक लहान आणि तीन मोठी असतील तर सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे दोन्ही एक्सलना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर, जातो. माझे चार टायर साळ्यानेच निम्म्या किमतीत नेले आणि ते नागपूरच्या सिमेंट रस्त्यावर उत्तम चालतात. त्याच्या गाडीची स्टेपनी मात्र जुन्याच मापाची आहे. मी त्याला दोनदा सांगून पाहिले. पाचवे टायर अजून आमच्या गोठ्यात आहे.