युनियनचं कपाट रिकामं करताना

प्रश्न : आमच्या कामगार युनियनचं कार्यालय बंद होतंय. कपाटभर वह्या, करार, तक्रारी, फोटो आहेत. विषयवार लावून बाकीचं रद्दीत घालू का?

उत्तर : विषयवार तर मुळीच नको! चिटणीसांनी कोणत्या फायलीत काय घातलं, हीसुद्धा माहितीच असते. तीन डच अभिलेखपालांनी, म्हणजे जुनी कागदपत्रं सांभाळणाऱ्यांनी, मूळ क्रम जपण्याचं हे तत्त्व १८९८ साली पुस्तकात मांडलं. आम्ही अभिलेखपाल अजून त्यावरच चालतो.

इतिवृत्ताच्या वह्या सगळेच जपतात. मला विचाराल तर वर्गणीचं रजिस्टर जास्त बोलकं. संपाच्या महिन्यांत वर्गणी कामाच्या कुठल्या विभागात आटली, कुठे येत राहिली, हे भाषणांत सापडत नाही. लोक नेमकं तेच रद्दीत टाकतात. फेटाळलेले ठराव आणि करारांचे खाडाखोड केलेले मसुदेही ठेवा. छापील पत्रकाच्या दोन प्रती पुरेत.

तक्रारींच्या फायलींत माणसांची आजारपणं, कर्जं, शिक्षा असतात. त्या किती वर्षं बंद राहतील, हे कागद अभिलेखागाराला (जुनी कागदपत्रं जपणाऱ्या संस्थेला) देतानाच लेखी ठरवा. कार्यकारिणीचा ठरावही सोबत जोडा, नाहीतर मालकी कुणाची यावरून नंतर वाद होतात.

गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढा. सेलोटेप, लॅमिनेशन नको. फॅक्सचे गुळगुळीत कागद पुसट होतात, त्यांच्या झेरॉक्स आधी काढा. फोटोंतली माणसं ओळखणारे जुने सभासद आहेत तोवर मागे मऊ पेन्सिलीने नावं लिहून घ्या.