वडिलांची फियाट आणि निवृत्तीचे सात लाख

प्रश्न: मी सांगलीचा. सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालो, वय ६२. वडील डॉक्टर होते. त्यांनी १९६४ साली, म्हणजे माझ्या जन्माच्याच वर्षी, नवी फियाट ११०० घेतली. त्याच गाडीतून ते आसपासच्या खेड्यांत व्हिजिटला जायचे. गेली १९ वर्षं ती शेडमध्ये उभी आहे. २०१९ च्या पुरात तिच्या चाकांपर्यंत पाणी आलं होतं. गॅरेजवाल्याने पूर्ण कामाचे ७ लाख सांगितले आहेत. महागाई भत्त्यासह पेन्शन ६२,००० (मूळ ४०,०००), घरखर्च ४५,०००. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत ३० लाख (१४ महिने झाले), बँकेच्या ठेवींत ११ लाख. पत्नी ५७ वर्षांची, मुलगी पुण्यात. पोस्टातून ७ लाख काढावेत असं मनात आहे. मित्र म्हणतो, दहा वर्षांनी या गाडीचे १२ लाख येतील. गाडी तर माझ्यापेक्षा जास्त जगेल, मग ही गुंतवणूकच नाही का?

उत्तर: गाडी जरूर दुरुस्त करा. मात्र सातऐवजी चार लाखांत, आणि पोस्टातल्या पैशाला हात न लावता. तिला गुंतवणूक म्हणू नका.

गाडी तुमच्यापेक्षा जास्त जगेल हे तुमचं वाक्य मी तीनदा वाचलं. ते खरं आहे. लंडनहून ब्रायटनला दर नोव्हेंबरात १९०५ पूर्वीच्या मोटारी धावतात. त्यांतल्या वयाने सगळ्यात लहान गाडीनेही १२० वर्षं ओलांडली आहेत. माणसांत तेवढी मजल एकाच बाईंनी मारल्याची खात्रीशीर नोंद आहे, त्या फ्रान्सच्या, १२२ वर्षं जगलेल्या. पण गाडी आपल्यासारखी म्हातारी होत नाही. पिस्टन बदलले, बोअर केलं (झिजलेले सिलिंडर आतून पुन्हा कोरून घेतले) की इंजिन पुन्हा तरुण. तिचं आयुष्य तिला सांभाळणाऱ्यांच्या आयुष्याला बांधलेलं असतं, म्हणून तिच्या वयापेक्षा मी तुमचं, वहिनींचं आणि तुमच्या मिस्त्रीचं वय विचारतो.

मिस्त्रीचं वय मी मुद्दाम विचारतोय. तुमच्या गाडीचं १०८९ सीसी इंजिन पुढे प्रीमियर पद्मिनीतही चाललं. त्यामुळे कुर्ल्याच्या कारखान्यात पद्मिनी बनायची थांबल्यावरही मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींनी सुट्या भागांचा बाजार जिवंत ठेवला. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. आता हे भाग मिळतात ते जुन्या साठ्यातून, आणि कार्बोरेटर कानाने ऐकून लावणारे मिस्त्री साठी-सत्तरीचे आहेत. तुमचा मिस्त्री ७० चा असेल तर त्याच्या हाताखाली कोण शिकतंय ते आधी बघा.

आता मित्राच्या १२ लाखांकडे येऊ. सात लाख ७ टक्के व्याजाने ठेवले तर दहा वर्षांत साधारण पावणेचौदा लाख होतात. गाडी चालती ठेवायला विमा, टायर, बॅटरी, ऑइल, अधूनमधून पत्र्याचं काम असे वर्षाला ४०,००० धरले, तर तेही व्याजासह साडेपाच लाख. म्हणजे सव्वाएकोणीस लाखांना विकली तरच बरोबरी, आणि मित्राचा आकडा १२ चा आहे. फियाट ११०० आपल्याकडे हजारोंनी बनली, ती काही संस्थानिकाची रोल्स-रॉइस नव्हे.

तरीही हा खर्च करण्यासारखा आहे असं मी मनापासून म्हणतो. वडील ज्या सीटवर बसून रात्री-अपरात्री पेशंटकडे गेले, त्या सीटवर बसायला मिळणं याला किंमत आहे आणि तुमची ती ऐपत आहे. फक्त तो खर्च म्हणून, मर्यादा घालून करा.

पोस्टाचं खातं मोडू नका म्हणतो त्याचं कारण पाहा. त्यातून अर्धवट रक्कम काढता येत नाही, खातं बंदच करावं लागतं. दोन वर्षांच्या आत बंद केलं तर दीड टक्का कापतात, म्हणजे तुमचे ४५,००० नुसतेच जातील. पण खरं कारण वहिनी आहेत. साठीला पोचलेला भारतीय सरासरीने आणखी सुमारे १८ वर्षं जगतो, बायका थोडं जास्तच. वहिनी तुमच्याहून पाच वर्षांनी लहान, म्हणून त्यांचा हिशेब मी ९० पर्यंतचा करतो. तुमच्या पश्चात, सुरुवातीची वाढीव दराची वर्षं सोडली तर, त्यांना कुटुंब निवृत्तिवेतन तुमच्या पेन्शनच्या साठ टक्के मिळेल. आजच्या दराने ते ६२,००० चे ३७,२०० होतात. आजारपण आलं, सोबतीला बाई ठेवावी लागली, की ती भर पोस्टाच्या व्याजाने घालायची. ८.२ टक्क्यांनी ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० येतात. खात्यावर त्यांचं नाव संयुक्त धारक किंवा एकमेव नॉमिनी म्हणून आहे ना, हे याच आठवड्यात तपासा. असेल, आणि तेव्हा त्या स्वतः या योजनेच्या वयाच्या अटीत बसत असतील, तर ते खातं त्यांना मुदतीपर्यंत पुढे चालवता येतं.

म्हणून चार लाख बँकेच्या ठेवीतून घ्या. सात लाख अडीअडचणीला राहू द्या, कारण ५ लाखांचा मेडिक्लेम या वयात पुरेलच असं नाही (तुमचा किती आहे ते तुम्ही लिहिलं नाही).

हे चार लाखही एका दमात देऊ नका. या गाडीला वेगळी चॅसी नाही, पत्रा हाच तिचा सांगाडा आहे. पुराचं पाणी चाकांपर्यंत आलं होतं, म्हणजे तळाचा पत्रा आणि दारांखालच्या पेट्या आतून गंजल्या असण्याची भीती आहे. इंजिन कधीही होतं. सांगाडा कुजला असेल तर चार लाख नुसत्या टिंकरिंगमध्ये, म्हणजे पत्र्याच्या कामात, जातील. गाडी उचलून, तळ खरवडून, लेखी अंदाज घ्या. मग ब्रेक, इंजिन, वायरिंग. पेट्रोलचे जुने रबरी पाइपही बदलून घ्या, आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि जुनं रबर त्यात टिकत नाही. क्रोम, नवं कापड, चकचकीत रंग हे सगळं शेवटी, पैसे उरले तर.

आरसी बुक अजून वडिलांच्या नावावर असेल तर त्याआधी फॉर्म ३१ भरून ती स्वतःच्या नावावर करा आणि बहीण-भाऊ असतील तर त्यांची लेखी संमती घ्या. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणी आहे, जुना नंबरही राहतो. पण ती गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशाच कारणांनी रस्त्यावर आणता येते. तुम्हा दोघांना रविवारी औदुंबरला, नरसोबाच्या वाडीला जायचं असेल तर नेहमीचं फेरपासिंग (आरटीओत तपासणी करून नोंदणीचं नूतनीकरण) करून घ्या. फी २०२५ मध्ये बरीच वाढली आहे, पर्यावरण कर वेगळा, तो अंदाजात धरा. हे पासिंग दर पाच वर्षांनी. तुमचं लायसन्सही आता दर पाच वर्षांनीच नवं होणार, तेव्हा दोघांची तपासणी एकाच सुमारास ठेवा. डोळे, गुडघे किंवा ब्रेक, ज्याचं उत्तर ‘नाही’ असं येईल त्या वर्षी पुढचा पैसा घालणं थांबवायचं.

बिलं मात्र सगळी जपा. स्वतःच्या वापरातली मोटार विकली तर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, पण वापर दाखवता आला पाहिजे. १९८३ साली २०,००० ला घेतलेली १९३१ ची फोर्ड एका गृहस्थांनी २१ लाखांना विकली. वैयक्तिक वापराचा पुरावा नव्हता, म्हणून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना करमाफी नाकारली.

आणि मुलीला विचारा. पुण्यात तिच्याकडे पार्किंग आहे का, हातगिअरची गाडी तिला हवी आहे का? ती हो म्हणाली तर मृत्युपत्रात गाडीचा नंबर घालून तिचं नाव लिहा. नाही म्हणाली तर वाईट वाटून घेऊ नका, पण मग मी चारचे तीन लाख करीन. तळाच्या पत्र्याचा अंदाज हातात आला की मला कळवा, आकडे पुन्हा मांडू.