मागचे स्पीकर काढू नकोस, आधी जागेवर आण

भाऊ, तू विचारलंस ते थोडक्यात असं: जुना ५.१ रिसीव्हर (पाच स्पीकर आणि खालच्या सुरांसाठी एक सबवूफर चालवणारा ॲम्प्लिफायर) घेतला, पिंक फ्लॉइड या रॉक बँडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ची सराउंड डिस्क, म्हणजे चहूबाजूंनी वाजणारी आवृत्ती, मिळवली, पाचोऱ्याच्या बारा बाय चौदाच्या खोलीत लावली आणि गाणं उसवल्यासारखं वाटलं. मधल्या स्पीकरमधून गायक नाकात गातो, मागचं सगळं कानाशी येऊन बोलतं. मित्र म्हणतात मागचे दोन काढून टाक, रॉक म्हणजे स्टिरिओच. मी धुळ्यात पंचवीस वर्षं ॲम्प्लिफायर दुरुस्त केले आणि त्यातली शेवटची पंधरा वर्षं घरी असेच अल्बम ऐकत आलो. माझं मत आधीच सांगतो. डिस्क उत्तम आहे, रिसीव्हरही बहुधा धड आहे. चूक मांडणीत आणि खोलीत आहे, आणि ती दोन-तीन रात्रींत, फारसा खर्च न करता निघते.

आधी मित्रांचं म्हणणं घेऊ, कारण ते मनात राहिलं तर पुढचं काही पटणार नाही. त्यांचा मुद्दा असा, की वादक समोर उभे राहतात, मग मागून वाद्य यायचं कारण काय? मैफलीच्या ध्वनिमुद्रणाला हे लागू आहे. तिथे मागून फक्त सभागृहाचा घुमारा आणि टाळ्या याव्यात, हे मलाही मान्य. पण स्टुडिओत घडवलेला अल्बम कधी कुठल्या रंगमंचावर वाजलेलाच नसतो. एकाच माणसाचा आवाज तीनदा घेतलेला असतो, गिटार दुसऱ्या महिन्यात भरलेली असते. त्या सगळ्याला दोन स्पीकरांच्या मधल्या पट्टीत बसवलं, ती त्या काळची सोय होती. आणि आपल्याकडे तरी संगीत समोरूनच येतं हे कुठे होतं? सप्ताहात आपण टाळकऱ्यांच्या दोन रांगांच्या मध्ये बसतो, मृदंग एका अंगाला, पाठीमागून धृपद उचललं जातं. आपल्या खानदेशात रोटांच्या सणाला रात्री कानबाई देवीपुढे बायका गाणी म्हणतात तेव्हा आवाज घरभर असतो. ऐकणारा मधे बसतो, ही आपल्या कानांची जुनी सवय आहे.

पिंक फ्लॉइडच्या मंडळींना तर हे पहिल्यापासून हवं होतं. मे १९६७ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये त्यांनी ‘ॲझिमथ को-ऑर्डिनेटर’ नावाची एक पेटी वापरली. तिच्या दांड्या फिरवून आवाज सभागृहाच्या चारही बाजूंना नेता येई. १९७३ मध्ये ‘डार्क साइड’ आला, तेव्हा ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्स यांनी त्याचं चार चॅनलचं, म्हणजे चार स्पीकरांना चार वेगळे आवाज देणारं, क्वाड्रोफोनिक (थोडक्यात क्वाड) मिक्सही केलं. मिक्स म्हणजे कुठलं वाद्य कुठून आणि किती यायचं याची जुळणी. ‘टाइम’च्या सुरुवातीला जी घड्याळं एकदम वाजतात, ती पार्सन्स यांनी जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक करून मुद्रित केली होती, तीही मुळात चार चॅनलची गंमत दाखवण्यासाठीच. म्हणजे तू मागचे स्पीकर काढलेस, तर जी गोष्ट चार कोपऱ्यांसाठी जन्मली तिला तू दोन कोपऱ्यांत कोंबतोस.

मग ते क्वाड बुडालं कशामुळे? संगीताचा दोष नव्हता. सीबीएसची एसक्यू, सान्सुईची क्यूएस, जेव्हीसीची सीडी-४, अशा एकमेकींशी न जुळणाऱ्या पद्धती एकाच वेळी बाजारात आल्या. एसक्यू आणि क्यूएसमध्ये चार चॅनल गणिताने दोनांत गुंडाळून तबकडीच्या खाचेत घालत, त्यामुळे उलगडताना पुढचं-मागचं एकमेकांत सांडायचं. सीडी-४ मध्ये ते वेगळे राहत, पण खास सुई लागे आणि तबकडी झिजली की मागचा भाग खरखरे. सत्तरचं दशक संपायच्या आधीच लोक कंटाळले. १९९९ मध्ये एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) आणि त्यानंतर लगेच डीव्हीडी-ऑडिओ आली, तेव्हा कुठे प्रत्येक चॅनल पूर्ण दर्जात, झिजण्याची भीती न ठेवता वेगळा साठवता आला. तुझ्याकडची डिस्क २००३ ची एसएसीडी असेल, तर तिच्यावरचं ५.१ मिक्स ध्वनिमुद्रक जेम्स गथ्री यांचं आहे. पार्सन्स यांचं जुनं चार चॅनलचं मिक्स २०११ च्या मोठ्या संचात मिळतं. दोन्ही ऐकण्यासारखी आहेत, पण एकाच्या मांडणीत दुसरं नीट बसत नाही. त्याचं कारण खाली येईलच.

आता तुझी खोली. तू लिहिलंस की दिवाण मागच्या भिंतीला टेकवलेला आहे, मागचे स्पीकर त्याच भिंतीवर डोक्यापासून अडीच फुटांवर आहेत आणि पुढचे दहा फुटांवर. खरी गोम इथेच आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर धावतो (आपल्या मे महिन्यात त्याहून थोडा जास्त, पण ते सोड). साडेसात फुटांच्या फरकाने मागचा आवाज जवळपास ७ मिलिसेकंद आधी पोचतो, आणि आपला कान जो आधी पोचतो त्याच्याकडेच दिशा देऊन टाकतो. त्यात तो जवळ असल्याने मोठाही. म्हणून सगळं मागे ओढल्यासारखं होतं. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक स्पीकरचं अंतर भरायची जागा असते, ती तू भरलेलीच नाहीस असं तुझ्या वर्णनावरून दिसतं.

दिवाण भिंतीपासून काढ आणि खुर्ची मागच्या भिंतीपासून पाच फुटांवर ठेव. पुढचे दोन स्पीकर खुर्चीपासून सात फुटांवर आणि एकमेकांपासूनही सातच फुटांवर. मागचे दोन भिंतीवरून उतरवून स्टुलांवर, कानाच्या उंचीला आण. खुर्चीच्या बाजूला पाच फूट आणि तिथून मागे दोन फूट. असं केलं की समोरच्या रेषेपासून कोन साधारण ११० अंश येतो, आणि ५.१ च्या प्रमाणित मांडणीत सराउंड स्पीकर त्याच सुमाराला असतात. सिनेमासाठी सांगितलेली ‘वर आणि भिंतीला’ ही जागा संगीताला चालत नाही, कारण इथे मागून पाऊस-वारा नाही, अख्खं वाद्य येतं. जुनं क्वाड मिक्स लावशील त्या दिवशी मात्र हेच स्टूल आणखी मागे, खोलीच्या कोपऱ्यांकडे सरकव. ते चार कोपरे धरूनच बांधलेलं असतं.

मग टेप घेऊन खुर्चीपासून प्रत्येक स्पीकरचं अंतर मोज आणि सेटिंगमध्ये भर. रिसीव्हरचा खरखर करणारा टेस्ट टोन लाव, मोबाइलवर आवाज मोजायचं एखादं ॲप घे आणि खुर्चीवरून पाचही सारख्या पातळीवर आण. मोबाइलचा आकडा अचूक नसला तरी चालतो, आपल्याला फक्त तुलना करायची आहे. ‘हॉल’, ‘स्टेडियम’, ‘ऑल चॅनल स्टिरिओ’ ही सगळी बटणं बंद. वायरींचं प्लस-मायनस पुन्हा तपास. माझ्या दुकानात ‘सराउंड खराब आहे’ म्हणून आलेल्या निम्म्या संचांत एक वायर उलटी निघायची. एक उलटी असली की आवाज पोकळ होतो, कुठून येतो ते कळतच नाही.

नाकात गाणारा गायक हा मधल्या स्पीकरचा प्रश्न. तुझा मधला छोटा, वेगळ्या कंपनीचा आहे. पाचही स्पीकर एकाच जातीचे नसतील तर मधला न ठेवणं बरं. सेटिंगमध्ये ‘सेंटर: नन’ कर, गायकाचा आवाज डाव्या-उजव्यात वाटला जाईल आणि तू मधे बसलास तर बरोबर मधूनच ऐकू येईल. मी स्वतः आठ वर्षं असंच ऐकलं. पैसे हातात आले की पहिली खरेदी मागच्या जोडीची कर, पुढच्यांसारखीच. सबवूफर नंतर. मागचे छोटे असेपर्यंत त्यांना ‘स्मॉल’ ठेव आणि ८० हर्ट्झच्या खालचे खोल सूर सबवूफरकडे किंवा पुढच्यांकडे पाठव. एसएसीडीबाबत एक खाच आहे. बरेच जुने रिसीव्हर डीएसडी (एसएसीडीवरचा मूळ डिजिटल) सिग्नल थेट घेतला की अंतर आणि बास यांची सेटिंग लावतच नाहीत. प्लेअरमध्ये ‘पीसीएम’ (नेहमीच्या सीडीचा डिजिटल प्रकार) निवड, मग सगळं लागू होतं. जोडणी एचडीएमआयने. ऑप्टिकल वायरीतून एसएसीडीचे पाच चॅनल येत नाहीत.

खोलीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण मला स्वतःला हे उशिरा कळलं. नीट सराउंड मी पहिल्यांदा ऐकलं ते तापीकाठच्या आमच्या धाब्याच्या घरात. हातभर जाड मातीच्या भिंती, वर लाकडी सरे आणि त्यावर माती, खाली शेणाने सारवलेली जमीन, कोपऱ्यात धान्याची पोती. धुळ्याच्या स्लॅबच्या घरात जो संच कर्कश वाटायचा, तोच तिथे नेला आणि प्रत्येक वाद्य आपापल्या जागी बसलं. ‘टाइम’ची घड्याळं वाजली तेव्हा माझी आजी मान वळवून म्हणाली, “मांगे कोन वाजाडी ऱ्हायना रे?” पुढे स्पीकर कितीही बदलले, तो क्षण मला पुन्हा इतका सहज मिळाला नाही. चकचकीत फरशी, गुळगुळीत प्लास्टर, उघडा स्लॅब, या सगळ्यांवरून आवाज परततो आणि मागच्या स्पीकरने दिलेली दिशा पुसून टाकतो.

यावर उपाय आपल्या मुलखात स्वस्त आहे, कापूस आपलाच. गादीवाल्याकडून चार इंच जाडीच्या, दोन बाय चार फुटांच्या सहा गाद्या भरून घे, नेहमीपेक्षा सैल. दोन बाजूंच्या भिंतींवर, दोन तुझ्या पाठीमागे, दोन पुढच्या स्पीकरांमागे. भिंतीपासून दोन इंच सुटं टांगलंस तर आणखी चांगलं. जमिनीवर जाड सतरंजी किंवा दोन गोधड्या. खिडकीला जड पडदा. कर्कशपणा आणि घुमारा यानेच उतरेल. बास मात्र गादीला दाद देत नाही. चौदा फूट लांबीच्या खोलीत ४० हर्ट्झच्या आसपास लाट उभी राहते, बारा फुटांत ४७ च्या आसपास. बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची. म्हणजे भिंतीला टेकून बसलास की ती तार ढमढमते आणि बरोबर मधोमध बसलास की गायब होते. मागून पाच फूट सांगितलं ते याचसाठी.

आणि वेळ. एप्रिल-मे मध्ये कूलर चालू असताना हे अल्बम ऐकून मत बनवू नकोस. कूलरचा घरघराट हळू भाग सगळे गिळतो, आणि सराउंडची खरी श्रीमंती हळू भागांतच असते. रिसीव्हरवरही त्या दिवसांत काही ठेवू नकोस, वरच्या जाळीतून वारा खेळू दे. दिवाळी ते होळी, रात्री दहानंतर, भरीत-भाकरी जिरल्यावर. आपल्याकडची ही सर्वांत शांत हवा आहे.

ऐकायचं काय? इथे एकच कसोटी लाव: मिक्स मूळ मल्टिट्रॅक टेपवरून (जिच्यावर प्रत्येक वाद्य सुटं मुद्रित असतं) केलंय का, की तयार स्टिरिओला यंत्राने फोडून पाच ठिकाणी पसरलंय. दुसऱ्या प्रकारात मागून फक्त प्रतिध्वनीचा चोथा येतो. पहिल्या प्रकारात इंग्लिश संगीतकार आणि मिक्स करणारे स्टीव्हन विल्सन यांचं काम मी सगळ्यांच्या वर ठेवतो. ते आधी मूळ स्टिरिओ समोर ठेवून त्याच्या जवळ जाणारं नवं स्टिरिओ बांधतात आणि मगच सराउंडकडे वळतात, म्हणून गाण्याचा तोल जात नाही. किंग क्रिम्सनचा १९६९ चा ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिम्सन किंग’ २००९ मध्ये बँडचे गिटारवादक रॉबर्ट फ्रिप यांच्यासोबत त्यांनी केला. त्यात मेलोट्रॉनचा (टेपवर मुद्रित केलेले वाद्यांचे सूर वाजवणाऱ्या पेटीचा) पडदा चारही बाजूंनी उठतो आणि ड्रम त्याच्यामागे दबत नाही. जेथ्रो टलचा ‘ॲक्वालंग’ जुन्या छापात मला कायम धुळकट वाटायचा. २०११ च्या मिक्समध्ये ती धूळ झाडलेली आहे. येसच्या ‘क्लोज टू द एज’च्या २०१३ च्या आवृत्तीत कीबोर्डवादक रिक वेकमन यांचा चर्चमधला पाइप ऑर्गन खोली भरून टाकतो. तो आवाज दोन स्पीकरांत मावतच नव्हता, असं मला ते ऐकून पहिल्यांदा जाणवलं.

बीटल्सच्या ‘ॲबी रोड’चं २०१९ चं, निर्माते जाइल्स मार्टिन यांच्या देखरेखीखालचं मिक्स सावध आहे, मागे फार काही टाकत नाही. पण ‘बिकॉज’ ऐक. तीन गळे, तीनदा गायलेले, म्हणजे नऊ आवाज. स्टिरिओत त्यांची एक मऊ गादी होते. इथे ते सुटे उभे राहतात आणि तरी एकच सूर धरतात. सराउंड कशासाठी, असं कोणी विचारलं तर मी घड्याळं आणि विमानं दाखवत नाही, हे गाणं लावतो. डोक्याभोवती गरगरणारा आवाज दोन मिनिटं भुलवतो. एकाखाली एक दडलेल्या वाद्यांना श्वास घ्यायला जागा मिळते, ते मात्र वर्षानुवर्षं पुरतं.

सगळंच चांगलं निघतं असं नाही. काही मिक्समध्ये ताल धरणारी गिटार एकटी मागे फेकून दिलेली असते आणि ड्रमशी तिची गाठच तुटते. असं मिक्स भेटलं तर खुशाल स्टिरिओ लाव, त्यात काही कमीपणा नाही.

साउंडबार (एकाच पट्टीतले स्पीकर) आणि ॲटमॉसचं (वरूनही आवाज आणणाऱ्या नव्या सराउंड पद्धतीचं) विचारलंस. जून २०२१ पासून ॲपल म्युझिकवर ॲटमॉस मिक्सं मिळतात, ‘डार्क साइड’चंही २०२३ मध्ये गथ्री यांनीच केलं. पुढे घे, पण आत्ता नको. छताकडे आवाज फेकणारा साउंडबार परतीच्या आवाजावर जगतो, आणि तू तर आत्ता खोलीतली परतच मारायला निघाला आहेस. आहे त्या पाच स्पीकरांत अजून पुष्कळ संगीत अडकून पडलेलं आहे.

या आठवड्यात दिवाण सरकव, स्टूल लाव, मधला बंद कर. गाद्या नंतर आल्या तरी चालतील. मग मला चार आकडे कळव: खुर्चीपासून पुढचे दोन किती, मागचे दोन किती, मागची भिंत किती, आणि मागच्या स्पीकरच्या वूफरचा व्यास किती इंच. त्यावरून क्रॉसओव्हर, म्हणजे खोल सूर मागच्यांकडून काढून घेण्याची सीमा, ८० हर्ट्झवर ठेवायचा की १०० वर, ते सांगतो.