वाचकांचे प्रश्न : लिहिलं एफएफ, वाचलं एफ८

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न लिनक्सच्या केव्हीएममधल्या (आभासी यंत्रं चालवणारा कर्नलचा भाग) आभासी इंटरप्ट कंट्रोलरच्या, म्हणजे ‘व्हीजीआयसी’च्या, रजिस्टरांबद्दल आहेत. इंटरप्ट म्हणजे उपकरणाने प्रोसेसरला दिलेली हाक. ‘गेस्ट’ म्हणजे आभासी यंत्रात (व्हीएम) चालणारा कोड, ‘यूजरस्पेस’ म्हणजे ते यंत्र बाहेरून चालवणारा प्रोग्रॅम आणि ‘व्हीसीपीयू’ म्हणजे आभासी प्रोसेसर. उत्तरं आर्म६४ आणि जीआयसीची (आर्मचा इंटरप्ट कंट्रोलर) तिसरी आवृत्ती (खाली नुसतं ‘व्ही३’) धरून दिली आहेत. सोळा पायाच्या आकड्यांआधी ‘हेक्स’ लिहिलं आहे; लगेच पुन्हा येणाऱ्या तशा आकड्यांआधी आणि बाइटांच्या किमतींआधी ते गाळलं आहे.

प्रश्न : यूजरस्पेसमधून व्हीजीआयसीची रजिस्टरं वाचायला गेलो की जवळजवळ प्रत्येक कॉल ‘ईबिझी’ (साधन व्यस्त) ही चूक घेऊन परत येतो. पत्ता बरोबर आहे, मग अडतंय कुठे? (पुणे)

बहुतेक वेळा क्रमावर अडतं. आधी व्हीएम आणि त्याचे सगळे व्हीसीपीयू बनवा. मग ‘क्रिएट डिव्हाइस’ने व्ही३ मागा, त्याचा प्रकार-क्रमांक ७. त्यानंतर पत्ते द्या. डिस्ट्रिब्यूटरला (सगळ्या व्हीसीपीयूंचा सामायिक भाग) ६४ केबी लागतात आणि रीडिस्ट्रिब्यूटरला (प्रत्येक व्हीसीपीयूचा स्वतःचा भाग) दर व्हीसीपीयूमागे ६४ केबीच्या दोन चौकटी. दोन्हींचा आरंभपत्ता ६४ केबीच्या पटीत नसेल तर ‘ईइनव्हॅल’ (अवैध किंमत) येतो. इंटरप्टांची संख्या ६४ ते १०२४ मधली आणि ३२च्या पटीतली हवी. हे सगळं झाल्यावर कंट्रोल गटातला ‘इनिट’ द्यायचा. त्याआधी रजिस्टराला हात लावला की बहुधा ‘ईबिझी’ येतो.

इनिट झालेला असूनही हीच चूक आली तर एखादा व्हीसीपीयू अजून ‘रन’मध्ये (गेस्ट चालवणारा कॉल) आहे असं समजा. रजिस्टर वाचण्याआधी कर्नल सगळ्या व्हीसीपीयूंची कुलुपं मागतो आणि एक जरी मिळालं नाही तरी माघारी फिरतो. म्हणून गेस्टमधून बाहेर या, थ्रेड थांबल्याची खात्री करा आणि मगच वाचा. ‘ईबिझी’ आला की पुन्हा प्रयत्न, असं लूप चाचणीत घालू नका. चाचणी हिरवी दिसेल, पण क्रमाची चूक तशीच दडून राहील.

प्रश्न : एका व्हीसीपीयूवर चाचणी चालते. चार केले की रीडिस्ट्रिब्यूटरची वाचनं ‘ईइनव्हॅल’ देतात. आयराउटरचा (इंटरप्ट कोणत्या व्हीसीपीयूकडे जायचा ते ठरवणारं रजिस्टर) वरचा अर्धा भागही लिहिला जात नाही. (बेंगळुरू)

दोन वेगळी कारणं आहेत. कॉलमधल्या ‘अ‍ॅट्रिब्यूट’च्या वरच्या ३२ बिटांत व्हीसीपीयूची ओळख जाते, पण ती एमपीआयडीआर (प्रोसेसरची ओळख सांगणारं) रजिस्टराची जशीच्या तशी नक्कल नसते. तिथे अ‍ॅफिनिटी (ओळखीचे स्तर) ३, २, १, ० हे चार बाइट एकमेकांना चिकटून बसवायचे असतात. खऱ्या एमपीआयडीआरमध्ये अ‍ॅफिनिटी ३ हा बिट ३२ पासून सुरू होतो आणि बिट ३१ कायम १ असतो. तो आकडा तसाच ढकललात तर त्या ओळखीचा व्हीसीपीयू सापडत नाही. एकच व्हीसीपीयू असताना तुमच्या कोडात तिथे शून्य जात असणार, म्हणून निभावलं.

डिस्ट्रिब्यूटर आणि रीडिस्ट्रिब्यूटर गटांत प्रत्येक देवघेव ३२ बिटांचीच असते, रजिस्टर ६४ बिटांचं असलं तरी. इंटरप्ट ३२ चा आयराउटर हेक्स ६१०० वर आहे. त्याचा वरचा भाग ६१०४ वर वेगळा येतो, पण केव्हीएम आयराउटरमधली अ‍ॅफिनिटी ३ राबवत नाही, म्हणून तिथलं लेखन दुर्लक्षित होतं आणि वाचन नेहमी शून्य येतं. सिस्टिम-रजिस्टर गटात मात्र उलट आहे, तिथे नेहमी ६४ बिटांचं चल द्यायचं. त्या गटात खालच्या १६ बिटांत रजिस्टर ओळखणारे आकडे ओपी०, ओपी१, सीआरएन, सीआरएम, ओपी२ याच क्रमाने बसतात. पडताळ्यासाठी : पीएमआरचा (प्राधान्याचा उंबरठा) आकडा हेक्स सी२३०, आयजीआरपीईएन१ चा (गट १ चे इंटरप्ट सक्षम करणारं) सी६६७.

प्रश्न : गेस्टमध्ये आयएसपेंडर (इंटरप्ट प्रलंबित आहे का ते दाखवणारं रजिस्टर) वाचला तर बिट १ दिसतो; त्याच क्षणी गेस्ट थांबवून यूजरस्पेसमधून वाचला तर ०. हा केव्हीएमचा बग म्हणून कळवू का? (नाशिक)

कळवू नका, ते जाणूनबुजून तसं आहे. लेव्हल जातीचा (लाइन वर असेपर्यंत टिकणारा) इंटरप्ट प्रलंबित दिसण्याची कारणं दोन : उपकरणाने लाइन वर धरलेली असते, किंवा गेस्टने आयएसपेंडरमध्ये १ लिहिल्यामुळे आतला लॅच (लक्षात ठेवलेला बिट) बसलेला असतो. गेस्टला या दोहोंचा ‘ऑर’ दिसतो, यूजरस्पेसला फक्त लॅच. मायग्रेशनसाठी दोन्ही वेगळे हवेत. नुसता ऑर जपून ठेवला तर दुसऱ्या यंत्रावर गेल्यावर लाइन खाली आली तरी इंटरप्ट प्रलंबितच राहील.

ही चाचणी नीट लिहिण्यासारखी आहे. इंटरप्ट ४० घ्या. तो लेव्हलच ठेवा आणि सक्षम करू नका, म्हणजे गेस्ट तो स्वीकारणार नाही. तो आयएसपेंडर१ मध्ये येतो. ऑफसेट हेक्स २०४, बिट ८, म्हणजे किंमत हेक्स १००. प्रत्येक पायरीला गेस्टने वाचून बाहेर यायचं आणि मग यूजरस्पेसने वाचायचं.

‘आयआरक्यू लाइन’ कॉलने हेक्स ०१००००२८ ची लाइन वर करा (बिट २४ पासून प्रकार १, खाली क्रमांक ४०). गेस्टला १०० दिसलं पाहिजे, यूजरस्पेसला ०, आणि लाइनची स्थिती देणाऱ्या ‘लेव्हल इन्फो’ गटात इंटरप्ट ३२ पासूनच्या शब्दात १००. लाइन खाली केली की तिन्हीकडे ०. आता गेस्टने आयएसपेंडर१ मध्ये १०० लिहावं. गेस्ट आणि यूजरस्पेस दोघांना १००, लेव्हल इन्फोत ०. इथे लाइन एकदा वर-खाली करा. लॅच हलता कामा नये. मग गेस्टकडून आयएसपेंडर१ मध्ये ० लिहून पाहा, काहीही बदलणार नाही. तेच ० यूजरस्पेसने लिहिलं की लॅच पुसला जातो, कारण त्या बाजूने आयएसपेंडर म्हणजे थेट किंमत. शेवटी यूजरस्पेसमधून आयसीपेंडर (प्रलंबित बिट पुसणारं रजिस्टर) वाचा : नेहमी ०, आणि त्यात लिहिलेलं दुर्लक्षित.

  

प्रश्न : ‘सगळे बिट १ लिहा, परत वाचा, जुळलं पाहिजे’ अशी सरसकट चाचणी केली. निम्मी रजिस्टरं नापास झाली. (पिंपरी)

नापास चाचणी झाली आहे, रजिस्टरं नव्हेत. अपेक्षित किंमत रजिस्टरागणिक वेगळी असते. केव्हीएम प्राधान्याचे वरचे ५ बिटच ठेवतं, म्हणून आयप्रायॉरिटीआरच्या प्रत्येक बाइटात एफएफ लिहिलं की एफ८ मिळतं. आयसीएफजीआरमध्ये (इंटरप्टची जात, लेव्हल की एज, ठरवणारं) दोन-दोन बिटांच्या जोडीतला वरचाच अर्थपूर्ण. सगळे १ लिहिलेत तर आठही अंक ए येतील. पहिल्या ३२ इंटरप्टांचं आयसीएफजीआर मात्र बदलत नाही. एसजीआय (प्रोसेसरांनी एकमेकांना पाठवायचे इंटरप्ट) कायम एज (लाइन बदलण्याच्या क्षणी उठणारे) असतात आणि पीपीआयची (एकेका प्रोसेसरचे खासगी इंटरप्ट) जात केव्हीएम बदलू देत नाही. त्याच ३२ इंटरप्टांसाठी डिस्ट्रिब्यूटरमधला आयएसएनेबलर० (इंटरप्ट सक्षम करणारं रजिस्टर) शून्यच वाचला जातो. खरा आयएसएनेबलर० रीडिस्ट्रिब्यूटरच्या दुसऱ्या चौकटीत, हेक्स १०१०० वर. आयटार्गेट्सआर (लक्ष्य-प्रोसेसर सांगणारं) व्ही३मध्ये शून्य. आयसीएनेबलर (सक्षम बिट पुसणारं) वाचल्यावर ‘काय पुसलं’ ते नव्हे, तर सध्या काय सक्षम आहे ते कळतं.

एफएफ हा नमुनाही कमकुवत आहे, चारही बाइट सारखे असले की बाइटांची अदलाबदल पकडली जात नाही. ए५, ५०, १८, ०८ असे चार वेगळे बाइट लिहा. ए५ चं ए० होईल, बाकी तसेच राहतील.

आणखी एक, बऱ्याच जणांकडून राहून जाणारी तपासणी : चुकीची रुंदी. गेस्टने आयएसएनेबलरला एका बाइटाने हात लावला तर केव्हीएम फॉल्ट देत नाही. वाचन शून्य, लेखन वाया. आयप्रायॉरिटीआरला मात्र बाइट चालतो. दोन्ही बाजू तपासा आणि शेजारचं रजिस्टर हललं नाही तेही पाहा.

प्रश्न : गेस्टमधलं रजिस्टर पुसणारं साधं लूप ऑप्टिमायझेशन चालू केलं की ‘रन’ कॉल ‘ईनोसिस’ (ही सोय नाही) देऊन पडतो. (पणजी)

कंपायलरने पत्ता आपोआप पुढे सरकवणारी स्टोअर सूचना किंवा एका दमात दोन रजिस्टरं लिहिणारी जोड-सूचना टाकली असणार. अशा सूचनांच्या फॉल्टमध्ये हार्डवेअर रुंदी आणि रजिस्टर क्रमांक सांगत नाही (आयएसव्ही बिट ०), आणि केव्हीएम स्वतः सूचना उलगडत बसत नाही. ‘व्होलाटाइल’ पॉइंटरवर विसंबू नका. एका सूचनेची इनलाइन असेंब्ली लिहा, साधा एलडीआर किंवा एसटीआर, बेस रजिस्टर तेवढं.

प्रश्न : रास्पबेरी पाय ४ वर या चाचण्या चालतील का? (कोल्हापूर)

व्ही३च्या नाही, त्यावर जीआयसी-४०० आहे, म्हणजे दुसरी आवृत्ती. पाय ५ वरही तोच. कर्नलच्या सेल्फटेस्टमधली ‘व्हीजीआयसी इनिट’ दोन्ही आवृत्त्या जाणते, ती चालवून पाहा. सेल्फटेस्ट ४ हा निकाल देऊन संपली तर ती ‘वगळली’ असं वाचा, ‘उत्तीर्ण’ असं नव्हे. व्ही३साठी साध्या लॅपटॉपवर क्यूईएमयूचं (यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम) ‘व्हर्ट’ यंत्र घ्या, त्यात व्हर्च्युअलायझेशन चालू आणि जीआयसी आवृत्ती ३ मागा. आतल्या लिनक्सला ईएल२ (आभासी यंत्रं चालवण्यासाठीची प्रोसेसरची पातळी) मिळतं आणि केव्हीएम चालतं. वेग रडवेला, पण रजिस्टर चाचण्यांना पुरतो.

प्रश्न : सिस्टिम-रजिस्टर गटातलं सीटीएलआर (नियंत्रण-रजिस्टर) परत भरताना ‘ईइनव्हॅल’ येतो. बीपीआर१ (प्राधान्याची विभागणी ठरवणारं) मध्ये लिहिलेलंही कधीकधी गायब होतं. (म्यूनिक)

जपून ठेवलेल्या सीटीएलआरमधले प्राधान्य-बिट किंवा आयडी-बिट नव्या यंत्राकडे आहेत त्याहून जास्त असतील, किंवा एसईआयएस, ए३व्ही या क्षमता सांगणाऱ्या बिटांपैकी काही जुळत नसेल, तर कर्नल नकार देतो. चाचणीत मुद्दाम एक प्राधान्य-बिट वाढवून हा नकार मिळतो का ते बघा. बीपीआर१ चं कारण सीटीएलआरमधला सीबीपीआर बिट (दोन्ही गटांना बीपीआर० च लावणारा). तो १ असला की बीपीआर१ चं लेखन दुर्लक्षित होतं आणि वाचताना बीपीआर० अधिक एक, जास्तीत जास्त ७, एवढंच मिळतं. आधी सीबीपीआर ० करून बीपीआर१ लिहा-वाचा, मग १ करून.