वाचकांचे प्रश्न : व्हायरल लोड वाढला, आता गोळी बदलायची का?

प्रश्न : एआरटी केंद्रातून (एचआयव्हीवरच्या उपचारांचं केंद्र) मिळणारी रोजची एक गोळी मी तीन वर्षं घेते आहे. आजवर व्हायरल लोड (रक्ताच्या एका मिलिलिटरमधलं विषाणूचं प्रमाण) ‘आढळला नाही’ असा यायचा, या वेळी ४,२०० आला. विषाणू गोळीला सरावला का? – एक वाचक, जि. बीड

उत्तर : एका रिपोर्टवरून तसं ठरवता येत नाही. गोळी मात्र एक दिवसही थांबवू नका. तुमची गोळी बहुधा टीएलडी असेल : टेनोफोविर ३०० मिग्रॅ, लॅमिव्ह्यूडीन ३०० मिग्रॅ आणि डोल्यूटेग्रॅविर ५० मिग्रॅ. डोल्यूटेग्रॅविरला चकवणं विषाणूला बरंच अवघड जातं. म्हणून टीएलडीवर लोड वाढला, तर औषध रक्तात पुरेसं पोचतंय का, हे आधी पाहायचं.

डबीतल्या उरलेल्या गोळ्या मोजा, म्हणजे किती चुकल्या ते कळेल. मग बाकीची औषधं आठवा. ॲसिडिटीचं पांढरं किंवा गुलाबी पातळ औषध घेता का? त्यातलं ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम डोल्यूटेग्रॅविरला धरून ठेवतं, आणि डोल्यूटेग्रॅविर आतड्यातून रक्तात फारच कमी उतरतं. ॲसिडिटीच्या या औषधाच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर टीएलडी घ्या. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांचंही तेच. फक्त त्या जेवणासोबत टीएलडीबरोबर चालतात, उपाशीपोटी नाही. ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोल या ॲसिडिटीच्या गोळ्यांची अडचण नाही. टीबीचं रिफॅम्पिसिन सुरू असेल, तर टीएलडीनंतर १२ तासांनी डोल्यूटेग्रॅविर ५० मिग्रॅची आणखी एक गोळी लागते. टीबीचा उपचार खासगी दवाखान्यात चालू असला की ही गोळी हमखास राहून जाते; म्हणून एआरटी केंद्रात टीबीच्या औषधांची चिठ्ठी दाखवाच.

हे सगळं सुधारून, काउन्सेलरशी बोलून, साधारण ३ महिने एकही गोळी न चुकवता लोड पुन्हा तपासतात. तेव्हाही तो १,००० किंवा त्याहून जास्त आला, तर तुमची फाइल राज्याच्या तज्ज्ञ समितीकडे जाते. पुढची औषधं तिथे ठरतात.

प्रश्न : आम्ही कोयत्यावर जातो. फडावर गोळ्या संपल्या की पंधरा दिवस खंड पडतो. परत सुरू केल्या की झालं ना? – एक वाचक

उत्तर : नाही. एचआयव्ही आपली नक्कल करताना चुका करतो आणि त्या दुरुस्त करत नाही. उपचार नसतील तर शरीरात रोज अब्जावधी नवे विषाणू तयार होतात. त्यात औषधाला न जुमानणारा एखादा असतोच. लॅमिव्ह्यूडीन निकामी करायला विषाणूच्या जनुकातला एम१८४व्ही हा एकच बदल पुरतो. औषध पूर्ण असेल तर नक्कलच थांबते. सगळ्यात वाईट अवस्था अधलीमधली : विषाणू वाढतोय आणि रक्तात औषध थोडंसंच आहे. अशा वेळी नेमके औषधाला न जुमानणारेच फोफावतात. जुन्या एफाव्हिरेन्झच्या गोळीत हे फार व्हायचं, कारण गोळी बंद केल्यावर सोबतची औषधं लवकर ओसरायची आणि एफाव्हिरेन्झ एकटंच कितीतरी दिवस रेंगाळायचं.

निघण्याआधी केंद्रात मुक्काम आणि परतीचा महिना सांगा, जास्त महिन्यांच्या गोळ्या मागा. उपचार पुस्तिका सोबत ठेवा. तरीही गोळ्या कमी पडतील असं दिसलं, तर शेवटच्या गोळीची वाट न पाहता १०९७ या मोफत क्रमांकावर जवळचं केंद्र विचारा. उरलेल्या गोळ्या दिवसाआड घेऊन पुरवू नका. अधलीमधली अवस्था म्हणतो ती हीच.

एखादी वेळ चुकली तर आठवताच घ्या. पुढची गोळी ४ तासांच्या आत असेल तर चुकलेली सोडा. दोन एकदम नको.

प्रश्न : मुलाने काही महिन्यांपूर्वी गोळ्या सोडल्या. प्रतिरोधाची (विषाणू कोणत्या औषधांना जुमानत नाही, याची) जनुकीय तपासणी आता खासगीत करून घ्यावी का? – एक पालक

उत्तर : आत्ता नको. औषध बंद झालं की मूळ विषाणू पुन्हा वरचढ होतो आणि बदललेला पेशींमध्ये दडून राहतो. रिपोर्ट ‘प्रतिरोध नाही’ असा येईल, आणि तो फसवा असू शकतो. ही तपासणी औषध चालू असताना किंवा बंद केल्यापासून ४ आठवड्यांच्या आत, लोड साधारण १,००० च्या वर असतानाच उपयोगाची. आधी त्याला केंद्रात न्या.