दोन फोटो सारखे दिसतात, पण सारखे नसतात

प्रश्न : एका जुन्या पुठ्ठ्याच्या कार्डाचा स्कॅन बघितला, फिजी बेटांवरचं गवती घर आहे आणि तोच फोटो शेजारीशेजारी दोनदा छापलाय. असं का? आणि एका साध्या झोपडीसाठी एवढा खटाटोप कशाला?

उत्तर : तोच फोटो नाहीये तो, नीट बघा. घरापुढे माडाचं खोड वगैरे असेल तर डावीकडच्या फोटोत ते मागच्या भिंतीवर जरा उजवीकडे सरकलेलं दिसेल आणि उजवीकडच्या फोटोत जरा डावीकडे. कॅमेऱ्याला दोन भिंगं असायची, साधारण साडेसहा सेंटीमीटर अंतरावर, म्हणजे आपल्या दोन डोळ्यांत असतं तेवढंच, त्यामुळे एक फोटो डाव्या डोळ्याचा आणि एक उजव्या. व्ह्यूअरमधून, म्हणजे प्रत्येक डोळ्याला आपापलाच फोटो दाखवणाऱ्या उपकरणातून बघितलं की दोन्ही मिळून एकच खोल चित्र दिसतं. १८३८ मध्ये व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं हे तत्त्व मांडलं, १८६१ मध्ये होम्स या अमेरिकन डॉक्टर-लेखकानं हातात धरायचा स्वस्त व्ह्यूअर केला आणि मग घराघरात ही कार्डं बघायचं वेडच लागलं. पुढे १८९२ मध्ये पेनसिल्व्हेनियात सुरू झालेल्या कीस्टोनसारख्या कंपन्यांनी तर जगभरातली दृश्यं अशी विकली.

आता झोपडीचं. हा शब्द मला खरंच खटकतो. फिजीत या घराला बुरे म्हणतात आणि साध्या फोटोत ते गवताचा ढीग वाटतं हे मान्य, पण व्ह्यूअरमधून बघितलं की आधी जोतं वर येतं. त्या मातीच्या जोत्याला तिथे यावू म्हणतात, मालकाचा मान जेवढा मोठा तेवढं ते उंच, आणि जुन्या देवळांचं, म्हणजे बुरे कालोउचं, तर खूपच उंच असायचं. मग छप्पर किती जाड शाकारलंय ते वळचणीपाशी कळतं, आढ्याची टोकं भिंतीच्या बाहेर आलेली दिसतात, मोठ्या माणसाचं घर किंवा देऊळ असेल तर त्यांना पांढऱ्या कवड्या लावलेल्या असायच्या. आणि हे सगळं उभं राहतं खिळ्याशिवाय! नारळाच्या काथ्याची वळलेली दोरी असते, मागीमागी, तिनंच वासे आणि खांब बांधतात. हे काम साधं म्हणायचं?

लिंट नावाचा मेलबर्नचा फोटोग्राफर १८८५ मध्ये न्यू गिनीला गेला होता, तिथल्या कोइआरी लोकांच्या झाडावरच्या घराचा त्याचा फोटो फार गाजला. तो एकाच भिंगाचा फोटो आहे, सुंदर आहे, पण घर जमिनीपासून किती वर आहे ते अंदाजानंच ठरवावं लागतं आणि मला दर वेळी वाटतं की दुसरं भिंग हवं होतं.

व्ह्यूअर नसला तरी चालतं. स्कॅन स्क्रीनवर इतका छोटा करा की दोन फोटोंतल्या त्याच खांबात सहा सेंटीमीटरपेक्षा जास्त अंतर राहणार नाही, मग स्क्रीनच्या पलीकडे लांब काहीतरी बघतोय अशी नजर सैल सोडा, थोड्या वेळानं मधे तिसरं चित्र तयार होतं आणि तेच खोल दिसतं. डोळे तिरळे करू नका हं, तसं केलं की खोलपणा उलटा होतो, पुढचं मागे जातं आणि घर आत दबल्यासारखं दिसतं. पहिल्यांदा नाही जमलं तर सोडू नका, मलाही बरेच दिवस लागले होते. आणि जमलं की पहिल्यांदा दाराकडे बघा, आतला अंधार कुठून सुरू होतो ते, साध्या फोटोत तिथे नुसता काळा ठिपका असतो.